चौडकं उजवीकडं

वडगावात माग थांबतात ते वीज गेल्यावरच.
त्या तासाभरात, इन्व्हर्टरवर,
बाळव्वाचं गाणं घेतलं.
मायकच्या स्टँडला तिनं आधी भंडारा लावला,
मग माझ्या कपाळाला, मग कीबोर्डला.
स्पेसबारवर तो पिवळा ठसा अजून आहे.

आता रात्रीचे अकरा. मी, दोन पेट्या, आणि मधली रिकामी जागा.

मधे पेटी नसते.
बाळव्वा मधे उभी आहे असं वाटतं
कारण ती दोन्हीकडं सारखीच आहे, एवढंच.
जिथून ती गाते तिथं हात फिरवून पाहिला मी,
भिंतीला लावलेली खडेबाजारातली गादी लागली.

यमनाप्पाचं तुणतुणं डावीकडं,
घड्याळात दहा वाजलेत असं समजा, तिथं.
झांज त्याच्या पलीकडं.
आणि चौडकं उजवीकडं, पार टोकाला,
बटण पुढं फिरेना तोवर,
कारण ते तिच्या शब्दांवर चढतं
आणि शब्द ऐकू यायला हवेत:
एक ओळ कन्नड, दुसरी मराठी, तिसरीचं काय सांगावं.
सांधा कुठं आहे विचारलं तर म्हणाली,
"हे असंच हाय की गे. आईनं असंच म्हटलं."

असाही एक नियम आहे की
कडेचा आवाज मधे आणला की तो फुगतो,
म्हणून मधल्याला तीन डेसिबल खाली धरायचं.
मधे राहणाऱ्याला थोडं दाबूनच ठेवायचं, म्हणजे सगळं समान वाटतं.
हे मी पुण्याला शिकले. इथं आल्यावर
कुणाला समजावून सांगायची वेळ आली नाही.

"उधो"च्या गजराला मी मजा केली.
आठ गळे होते, त्यांना डोंगर चढायला लावला,
डावीकडून निघून, बाळव्वाच्या पाठीमागनं,
उजवीकडं उतरवलं. चार मात्रांत.
हेडफोनमध्ये अंगावर काटा आला. स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी बाबा आले. बत्तीस वर्षं उद्यमबागेत,
फाउंड्रीत ओतीव घासायचं काम.
उजवा कान तिथंच राहिला.
पेट्यांच्या बरोबर मधे खुर्ची टाकून बसले,
डोळे मिटून, गाणं संपेपर्यंत.

मग म्हणाले, "गळा चांगला लागलाय.
पण तिचं चौडकं कुणी काढून घेतलं?"

मी म्हटलं, आहे की, उजवीकडं.
त्यांनी खुर्ची उलटी फिरवली,
पेट्यांकडं पाठ, तोंड दाराकडं,
आणि पुन्हा लाव म्हणाले.

"हां. आता चौडकं आलं. यमनाप्पा गेला.
आणि ते उधोवाले
डोंगरावरनं माघारी का येऊलेत?"

मला हसू आलं, मग आलं नाही.
चौडकं तिच्या काखेत असतं.
डाव्या बगलेत दाबलेलं, बरगडीला टेकलेलं,
ती श्वास घेते तेव्हा त्याचं कातडं हलतं.
मी ते तिच्या काखेतून काढून
खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं होतं,
शब्द स्वच्छ यावेत म्हणून.

आणलं परत. जवळजवळ मधे, केसभर बाजूला.
सौंदत्तीला जाणाऱ्या टेम्पोत तसाही एकच स्पीकर चालतो.
आता तिसऱ्या ओळीत एक शब्द बुडतो.
कुठल्या भाषेतला, हे चारदा ऐकूनही
मला ठरवता आलं नाही.

बाबा खुर्ची सरळ करून बसलेत,
मान जराशी उजवीकडं वळवून,
चांगला कान पुढं.
"ऱ्हाऊ दे असंच," म्हणतात, तेवढ्यात वीज येते
आणि शेजारचा माग सुरू होतो,
डाव्या भिंतीतून,
ज्याला माझ्याकडं बटण नाही.